पावणेअकरा

रात्रीचा कांदा अजून बोटांना आहे.
तुर्भ्याच्या बाजारातून थेट आलोय,
शर्ट बदलला, हात तीनदा धुतले,
तरी शेजारचे गृहस्थ जरा सरकून बसले.
कोपरखैरण्याची शाळा, दुसरा मजला,
पाचवी ब, पालकसभा.
बाक इतका बुटका की गुडघे कुठे ठेवावेत कळेना.
फळीवर कर्कटकानं कोरलंय:
समीहन ढ आहे.

गावंड बाई कागद न बघता बोलतात.
यंदापासून पेन. पेन्सिल फक्त आकृतीला.
चुकलं तर गिरगटायचं नाही,
एक आडवी रेघ मारायची, पुढे बरोबर लिहायचं.
शिष्यवृत्तीला बसवणार असाल तर शनिवारी जादा तास,
चार गोल असतात, एकच काळा करायचा.
अपूर्णांकात मुलं अडतात.
उलट बोलतील. दप्तर तपासू देणार नाहीत.
एखादी मैत्रीण तुटेल आणि ताप आल्यासारखं होईल,
तेव्हा गोळी देऊ नका, जवळ बसा.

मी लिहून घेतोय काट्याच्या पावतीमागे.
पुढच्या बाजूला छापलंय: गोणी, वजन, घट.

अपूर्णांकाचं मला नवल वाटतं.
पाव, पाऊण, सव्वा, दीड, अडीच
हे तर दिवसभर आमच्या तोंडात.
माझा बाप दोन यत्ता शिकलेला,
त्याला पावकी-निमकी घडाघडा यायची.
परवा श्रावस्ती म्हणाली,
पप्पा, वर अंश, खाली छेद,
छेद जितका मोठा तितका तुकडा लहान.
मी म्हटलं, पगाराचंही तसंच असतं बघ.
ती हसली नाही. वहीवर वाकली.
माझ्या प्रत्येक विनोदाला ती आता हसत नाही,
हे बाईंच्या यादीत नव्हतं.

मग बाईंनी घड्याळ पाहिलं.
"मुलींच्या आया थांबतील.
बाकीचे निघाले तरी चालेल."
बाप उठले, किल्ल्या वाजल्या.
मी उठलो, बसलो, परत उठलो.
सुषमा रबाळ्याला पॅकिंगवर.
तिथे अर्ध्या दिवसाची रजा म्हणजे
अख्ख्या दिवसाचा खाडा.

व्हरांड्यात थांबलो. दार लोटलेलं.
आत बाईंचा आवाज खाली आला होता.
मधेच कुणीतरी हसलं,
मग बराच वेळ कुणीच नाही.
भिंतीवर मुलांनी केलेला तक्ता, पचनसंस्था.
जठराचा बाण चुकून यकृतात घुसलेला.
मी तो तक्ता चार वेळा वाचला.

आया बाहेर आल्या,
माझ्याकडे न बघता जिना उतरल्या.
शेवटी बाई.
"श्रावस्तीचे ना? आई नाही आली?"
मी मान हलवली.
त्यांनी पर्समधून चार घड्यांचा कागद काढला.
"आईला द्या." थांबल्या.
"नाहीतर तुम्हीच वाचा. वाचाल ना?"
वाचेन म्हटलं.
"वय काय तिचं?"
पावणेअकरा.

जिन्यात ते दोनदा पुटपुटून पाहिलं.
दहा आणि वर पाऊण असं नाही म्हणत आपण,
अकराला पाव कमी म्हणतो.
म्हणजे आपणच अकरापाशी आधी जाऊन उभे,
आणि मागे वळून बघतोय
किती राहिलंय यायचं.

बाजारात काटा थरथरत असेल
तर मी आकडा पुकारत नाही.
हमाल ओरडतात, व्यापारी ओरडतो,
मी थांबतो.

बसथांब्यावर कागद उघडला.
निळं पेन, बाईंचं गोल अक्षर.
कापड, पॅड, पोटात दुखणं,
कुणाला सांगायचं, काय खायचं, शाळेत झालं तर काय.
सगळ्यात खाली लिहिलं होतं,
घाबरू नका.
त्यावर आडवी रेघ मारून पुढे,
घाबरवू नका.

घरी पोहोचलो तर ती क्लासहून यायची होती.
कागद पावतीपासून वेगळा काढला,
सुषमाच्या उशीखाली नाही ठेवला,
टीव्हीवर ठेवला, दिसेल असा.
मग परत एकदा
हात धुतले.