दस्ता

लष्करानं उतरवलेल्या, आमच्याकडे आलेल्या
चाळीस थ्री-नॉट-थ्री. भंगारापेक्षा जरा वरचा भाव.
त्यातली एक निवडायची होती हेमलता भोयेसाठी.
गाव पेठच्या पलीकडे,
वजन त्रेचाळीस किलो, बूट धरून.

सगळे म्हणाले, हलकी द्या पोरीला.
सगळे चुकतात ते इथंच.
हलकी बंदूक जास्त लाथ मारते.
जड असते ती निम्मी लाथ स्वतःच गिळते
आणि उरलेली तेवढी माणसाला देते.
एकतीस वर्षं शस्त्रागारात काढून
माणसांबद्दल मला इतक्या खात्रीनं काही सांगता येत नाही.

नळी सगळेच बघतात, उजेडाकडे धरून, एक डोळा मिटून.
मी आधी दस्ता बघतो.
लाकडावर अक्षर ठोकलेलं असतं,
एल लांब हातांची, एस आखूड,
आणि क्वचित एखादी बी.
बी म्हणजे बुटकी, असं आमचं आम्हीच ठरवलंय.
सदतिसावी निघाली बी.
पितळी पट्टीमागच्या कप्प्यात तेलाची कुपी, कोरडीठाक,
आणि गाल टेकतो तिथं लाकूड जरा खोल गेलेलं.
कुणाचा तरी गाल. मिशी असणार.
तीन दिवस जवसाचं तेल चोळलं,
ती जागा काळीच राहिली.

त्र्यंबक रोडच्या रेंजवर डिसेंबरचं दव,
पोटाखालची ताडपत्री ओली.
तिनं पहिली झाडली.
समोरच्या बांधावर कुठंच माती उडाली नाही.
संध्याकाळी खांद्यावर काळानिळा डाग,
द्राक्षाच्या घडाएवढा, असं बराकीतल्या बायका म्हणाल्या.
इथं सगळ्याचं माप द्राक्षातच.

दुसऱ्या दिवशी नॅपकिनची घडी शर्टाच्या आत,
आणि बंदूक खांद्यापासून चार बोटं लांब.
मी म्हटलं, लांब धरलीस की ती धावत येऊन मारते.
कवळून घे. मग तिला पाय उचलायला जागा उरत नाही,
नुसती ढकलते.
ती म्हणाली, म्हशीचं पण तसंच, सर,
मांडीला चिकटून बसलं की लागत नाही.

मग मी गप्प बसलो.
हे माझ्या कुठल्याच पुस्तकात नव्हतं.

तिसऱ्या दिवशी तिच्या नकळत
पाचांत एक पोकळ काडतूस भरलं.
धाड.
धाड.
टक्.

दारू नव्हती, गोळी नव्हती, धक्का नव्हता,
तरी खांदा मागे गेला, नळी खाली गेली, डोळे गच्च.
शेजारच्या सातही जणींनी बघितलं.
ती तशीच पडून राहिली, गाल त्या काळ्या जागेवर.
तेवढ्यात देवळालीकडे तोफा घुमल्या, त्यांचं रोजचं.
मी म्हटलं, बघ, बंदूक मारायच्या आधीच
तू लागून घेतेस.

सांगायला काय जातं.
माझा मुलगा सुरतेला असतो, काय करतो ते नीट सांगत नाही.
रात्री दहानंतर मोबाईल नुसता उजळला,
वाजलासुद्धा नाही, की माझा उजवा खांदा मागे जातो.
बहुतेक वेळा कंपनीचा मेसेज असतो,
रिचार्ज संपतंय.

आता ती रोज ड्युटी संपली की येते.
रिकामी बंदूक, नळीवर पाच रुपयांचं नाणं,
श्वास अर्धा सोडलेला.
टक्. नाणं पडतं. उचलते. ठेवते.
मी रजिस्टर लिहीत असतो, नंबर, नंबर, सही,
आणि कान फरशीकडे.

काल अकरा वेळा पडलं नाही.
बाराव्या वेळी पडलं, घरंगळत रॅकखाली गेलं.
राहू दे, म्हटलं, उद्या झाडताना सापडेल.
ती ऐकेना. गुडघ्यांवर बसून
हात आत घालून चाचपत राहिली.