दोन टोकं

मानेवाड्याच्या पुढे, आमच्या ले-आऊटमध्ये,
नकाशावर जिथे 'सार्वजनिक उपयोगाकरिता' लिहिलं होतं
तिथे अकरा वर्षं गाजरगवत होतं,
फुटके कमोड, लग्नातल्या पत्रावळी
आणि कुणाची तरी इंजिन नसलेली लुना.

आता तिथे एकशे चौदा झाडं आहेत.
मी मोजते. हजेरीची वही माझ्याकडे असते.
बत्तीस वर्षं पोस्टात शिक्के मारले,
तारीख टाकल्याशिवाय मला झाडसुद्धा दिसत नाही.

मे महिना. पहाटेचे पाच.
रात्रभर घरघरून कूलर थकलेले.
काळ्या मातीला भेगा; एकीत छबुताईंची किल्ली गेली,
ती अजून खालीच आहे.
बोअरला पाणी पाऊण तास,
पाऊण तासात एकशे चौदा झाडं:
भागाकार करा, म्हणजे कळेल
आम्ही गप्पा का मारत नाही.

पौर्णिमा उईके मेडिकलची नाईट उतरून येते,
गणवेशातच, डबा स्कूटीला लटकवून;
लिंबाच्या आळ्यात पालापाचोळा पसरते
निगुतीनं, जखम झाकावी तसा.
प्रल्हादभाऊ तर्री-पोह्याचा ठेला लावण्याआधी येतात,
जाताना कढीपत्ता नेतात
आणि वहीत लिहायला लावतात: 'दोन डहाळ्या.'

पण सांगायचं होतं ते पाईपचं.

साठ फूट पाईप,
सहा ठिकाणी सायकलच्या ट्यूबनं बांधलेला.
नळाच्या टोकाला हरिदास ठवकर,
झाडाच्या टोकाला नाखले सर.
चार उन्हाळे झाले, दोघांचं बोलणं बंद.
कारण कूलर. ठवकरांचा गळतो,
नाखल्यांच्या भिंतीवर ओल येते.
सर म्हणतात, अंबाझरी तलावाएवढी.
ठवकर म्हणतात, ताटलीएवढी पण नाही.
नोटीस झाली, वकील झाला,
ठवकरांच्या मुलीच्या लग्नाची पत्रिका
नाखल्यांच्या फाटकावरून पुढे गेली.

पाळ्या मी लावल्या. मुद्दाम नाही.
खरं सांगू? थोडं मुद्दाम.

पाईप असा, की एकट्यानं चालतच नाही.
झाड बदलताना सर टोक मुडपतात,
दाब वाढतो, ट्यूबची गाठ सुटते,
इकडे ठवकर धोतरासकट भिजतात.
म्हणून ओरडावंच लागतं.
"बंद!"
"सोड!"
"बंद!"
"सोड!"
पहिल्या आठवड्यात बस एवढंच.
दुसऱ्या आठवड्यात: "सोड ना बे!"
माझं पेन थांबलं.
आमच्या गावात 'बे' भांडणाचाही असतो
आणि भांडण मिटल्याचाही.
हा कोणता, ते रकान्यात बसेना.

काल, बारा तारखेला,
बोअर वीस मिनिटांत खोकला आणि थांबला.
साठ झाडं कोरडी. त्यात संत्र्याची तिन्ही कलमं,
काटोलहून एस.टी.त मांडीवर घेऊन आणलेली.
सगळे उभे. पाईप जमिनीवर.
ठवकर काही न बोलता घरी गेले.
सर माझ्याकडे पाहून म्हणाले, "पाहिलं?"

मग ते आले. दोन्ही हातांत बादल्या,
कूलरच्या टाकीतलं पाणी,
पिवळसर, खसाच्या वासाचं.
सरांनी एक बादली उचलली, वाकून हुंगली.
"एवढं मावते त्याच्यात?"
"मावते. उरलं का तुमच्याकडे येते."
कुणी हसलं नाही.
पौर्णिमा हसली, पण ती रात्रभराची जागी होती.

मग प्रत्येकजण आपापल्या घरी गेला,
आपापला कूलर उपसायला.

वहीत लिहिलं: बोअर वीस मिनिटं. बादल्या एकतीस.
दुपारी सेहेचाळीस अंश, नळ संध्याकाळचा,
नऊ घरांतले कूलर कोरडे गरगरले
आणि नऊ घरांतली माणसं आम्हाला शिव्या देत
ओल्या चादरी पांघरून पडली.

संत्र्याचं एक कलम तरीही गेलं.
भिंतीवरची ओल आहे तशीच आहे, नोटीसही.
आज पहाटे पाचला दोघं हजर होते.
पाईपची सातवी गाठ बांधायची होती:
एकानं ट्यूब ताणून धरली,
दुसऱ्यानं दातांनी गाठ आवळली.