थंड इंजिन

दस्तगीरनं नवा सेन्सर बसवला
आणि जुना माझ्या तळहातावर ठेवला.
काजळी धरलेलं, बोटाएवढं एक नाक.
"ह्येला वासच कळत न्हवता की भाभी.
म्हणून पेट्रोल ढोसत होती नुसती."

पिवळा दिवा विझला होता.
मी निघाले पीयूसीला, त्यानं दारच धरलं.
"आज नको. कोड पुसलाय, मेंदू कोरा झालाय तिचा.
आता पहिल्यापासनं शिकणार. शिकू द्या."

बिलाच्या पाठीवर लिहून दिलं त्यानं:
टाकी अर्धी. रात्रभर उभी.
सकाळी थंड इंजिन चालू, दोन मिनिटं जागेवर, एसी बंद.
मग हायवेला ऐंशीवर, वीस मिनिटं, पाय हलवायचा नाही.
मग पाय काढायचा. ब्रेक नाही.
वेग आपला आपण पडू द्यायचा.

थंड म्हणजे किती थंड?
मे महिना. विडी घरकुलात आमच्या गल्लीत
पहाटे चारलाही बॉनेटचा पत्रा हाताला लागतो.
दस्तगीर हसला.
"सोलापूरच्या हिशेबानं थंड."

पहाटे खाली आले तर
मामय्या आधीच पुढच्या सीटवर,
खांद्यावर टॉवेल, मांडीवर पाण्याची बाटली.
कुठं जायचंय ते विचारलं नाही त्यांनी.

अक्कलकोट रोडच्या डाईंगमध्ये एकतीस वर्षं.
हौदावर वाकून एक श्वास घ्यायचे
आणि सांगायचे, अजून सोडा लागेल.
मालकाचा थर्मामीटर खिळ्याला टांगलेला असायचा, धूळ खात.
मग तो ताप आला. ताप गेला, जाताना वास घेऊन गेला.
शेंगाची चटणी आता त्यांना नुसती तिखट.
परवा गॅस चालू राहिला,
आणि ते त्याच खोलीत पेपर वाचत होते.

डॉक्टरांनीही चिठ्ठी दिली होती की:
लवंग, लिंबू, निलगिरी, कॉफी,
दिवसातून दोनदा, वीस-वीस सेकंद,
येत नसला तरी आठवायचा वास.
आठ दिवस केलं त्यांनी.
"रिकाम्या डब्यात काय बघायचं रोज," म्हणाले.

बाळे गेलं, केगाव गेलं.
ऐंशी.
मागून ट्रक दिवे मारतोय, पोटरीत गोळा येतोय,
मामय्यांची नजर काट्यावर.
सत्त्याहत्तर झाले की जीभ टाळ्याला लावून चक् करायचे.
"साठ म्हणजे साठ. आच हलली की सुताला पट्टे पडतात."
"ऐंशी आहे मामय्या."
"तेच."

सावळेश्वरच्या टोलनाक्याच्या अलीकडे पाय काढला.
सत्तर. साठ. खिडकीतला वारा
हळूहळू नुसती हवा झाला.
पन्नास. एक टेम्पोवाला
माझ्या माहेरचा उद्धार करून पुढं गेला.
मामय्या तेलुगूत काहीतरी म्हणाले, टेम्पोला नाही,
मग मराठीत, काचेकडं बघत:
"येतं का पण हिला परत सगळं?"
"दस्तगीर म्हणतो, शंभरेक किलोमीटरात येतं."
त्यांनी किलोमीटरचा आकडा वाचला.
येतानाही वाचत होते.

होटगी रोडला, पंपासमोर, लिंबाखाली पीयूसीची व्हॅन.
पोरगं मोबाइलवर मॅच बघत बघतच
नळी सायलेन्सरमध्ये खुपसून आलं.
"रेस करा. बास. राहू द्या."
नंबरप्लेटचा फोटो. प्रिंटर कुरकुरला.
सगळे आकडे हद्दीच्या आत.

कागद मामय्यांनी घेतला
आणि वाचायच्या आधी नाकाला लावला,
लडीचा नमुना लावायचे तसा, सवयीनं.
मी गिअरवर हात ठेवून थांबले.
"गरम आहे," ते म्हणाले.
घडी घालून खिशात टाकला.

सात रस्त्याला सिग्नल लाल.
इंजिन एका सुरात, दिवा नाही.
"त्या बाटल्या," ते म्हणाले, "टीव्हीमागंच आहेत का
टाकल्यास?"
"टीव्हीमागं."
"लिंबू तर सुकलं असेल."

हिरवा झालेला मला दिसलाच नाही.
मागून रिक्षावाला ओरडला,
"चला की बे, झोपला काय!"