शुद्धिपत्र

मिठागरात एकतीस वर्षं मी वजनं उतरवली.
आता शिरोड्याच्या बाजारात, पिठाच्या गिरणीवरच्या खोलीत
लोकांचे ऱ्हस्व-दीर्घ तपासतो.
खाली दळण पडतं, वर धूळ येते,
मुद्रितांवर पांढरा थर बसतो.
मीठ नव्हे. चाखून पाहिलंय.

या खेपेला आलं ते विचित्र बाड :
सतरा जणांच्या गोष्टी आणि कविता,
सगळ्या अजून न घडलेल्या.
संपादकबाई म्हणाल्या, विज्ञान फार तपासू नका,
काळ तेवढा बघा.
काळ म्हणजे क्रियापदाचा, असं मी धरून चाललो.

दाभोळच्या हलिमा सोलकर जेटीवर तिकिटं फाडतात.
त्यांच्या गोष्टीत फेरीबोट पलीकडे लागते
तेव्हा तिकडे साल वेगळं असतं.
उतारू टोपल्या सावरत उतरतात, नवल कुणालाच नाही,
फक्त सुटे पैसे चालत नाहीत.

इनास लोबोंच्या गावात
कांदळवनाला ग्रामसभेत मत मिळालंय.
भरतीला ठराव मंजूर, ओहोटीला नामंजूर.
मी समासात विचारलं : गणपूर्ती?
उत्तर आलं : खेकडे धरून.

ओजस भाटकरचं लिलाव पुकारणारं यंत्र
तिसऱ्या हंगामात खोटं बोलायला शिकतं
आणि चौथ्यात लाजायला.

एक कविता अगदीच वाईट आहे. चंद्रावर हापूस.
तीही राहिली.
रापणीत येतं ते सगळंच पापलेट नसतं.

मग पान अठ्ठ्याऐंशी.
मेघश्री कुबल, निवती.
बर्फ कारखान्याच्या पावत्यांच्या पाठीवर
पेन्सिलीने लिहिलेल्या अकरा मालवणी ओळी.
वर्ष घातलंय एकवीसशे चार,
होडी मात्र आजचीच, नंबरासकट.
तिने लिहिलं होतं, तो येतलो.
कुडाळच्या पोराने टाइप केलं, तो इलो.
येईल नि आला, एवढाच फरक.
मी लाल खूण केली, फोन लावला.

पलीकडे बर्फ फोडल्याचा आवाज.
"खंयच्या पानार?"
"अठ्ठ्याऐंशी."
"वाचून दाखवा."
वाचलं.
हातोडा थांबला होता.
"ऱ्हवांदे तसांच."
म्हटलं, बाई, पण शेवटच्या ओळीत
तुम्ही कंदील घेऊन वाट बघताय.
आलेल्याची वाट कोण बघतं?
"काळ तुमी बगा. माका कामां आसत."
आणि हातोडा पुन्हा.

तीन रात्री मी ते पान बाजूला ठेवलं,
गोण काट्यावर तशीच सोडून द्यावी तसं.
नियमात बसवायला गेलो तर
कंदील तरी विझवायला हवा होता
किंवा माणूस तरी परत पाठवायला.

प्रकाशन निवतीच्याच किनाऱ्यावर, जाळ्यांच्या मांगरात.
मानधन नाही, प्रत्येकी दोन प्रती.
रापणीच्या दोरीला हात लावील त्याला वाटा,
मधेच येऊन लोंबकळलेल्या पोरालाही.
मला एक.
हलिमाबाईंनी आपलं पान वाचताना
बोट लागली त्या जागी खरोखर थांबून
समोरच्या काळोखाकडे पाहिलं,
मागच्या चार जणांनी माना वळवल्या.
मेघश्री मधूनच उठली, बर्फाचा टेम्पो आला होता.
प्रती तिने परकराच्या ओच्यात खोचल्या,
उघडून पाहिल्या नाहीत.

पुस्तकाच्या शेवटी चिकटवलेलं शुद्धिपत्र माझं आहे.
त्यात दहा चुका आहेत.
अकरावी मोजली, उतरवली नाही.

परतताना गाडीत कुडाळचा पोरगा शेजारी बसला.
परुळ्यापर्यंत गप्प होता.
मग म्हणाला, काका, ते 'इलो' मी मुद्दाम नव्हतं केलं हां.
रात्रीचे दोन वाजलेले. झोप आली होती.

मी म्हटलं, माहीत आहे.