ताबा पावती

मामलेदारांचा हुकूम प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून
मी होडीत बसलो.
तलाठ्याला होडीचा भत्ता मिळत नाही,
हे आधीच लिहून ठेवतो.

समोर मोगू गावडे. अर्जावर वय अठ्ठेचाळीस,
आता सत्तरीच्या पुढे.
वल्हे नातवाच्या हाती. पायांशी मोजणीची साखळी,
तिला इथे काही काम नाही.

बावीस वर्षांत अकरा मामलेदार बदलले.
भाटकाराचा मुखत्यार दर तारखेला एकच विचारायचा,
पावती कुठे आहे?
पावती नव्हती. खंड भाताने जायचा,
कोरगुटाचे बारा कुडव, भाटकाराच्या पडवीत मोजून,
आणि मोजणारा कोळशाने भिंतीवर रेघा ओढायचा.
ती भिंत पुढे रंगवली.

नवरा तापाने पडला त्या साली
मानशीची दारे उघडीच राहिली. कुणी उघडली, नोंद नाही.
खाजनात नदी आली.
भात गेले, आणि मासळीची पावणी सुरू झाली,
तिच्या मात्र पावत्या आहेत, शिक्क्यासकट.

मग एका तारखेला मोगू उभी राहून म्हणाली,
"साहेब, मानशीच्या तिसऱ्या फळीला एक गाठ आहे,
तिथून पाणी झिरपते.
उमाशीच्या भरतीला आम्ही तिथे चिंध्या नि चिखल कोंबायचो.
ह्यांना विचारा, गाठ डावीकडे की उजवीकडे?"
मुखत्याराने वकिलाकडे पाहिले,
वकिलाने फायलीकडे.
टंकलेखक म्हणाला, हे घेऊ का?
घेतले. पान एकशे सात.

आता मी चतुःसीमा वाचतो.
पूर्वेस बांध : पाणी.
दक्षिणेस देवस्थानचा कुणगा : पाणी.
पश्चिमेस मानस, ती दिसते, एका दारानिशी.
उत्तरेस पाणी, त्यात एक बगळा
कशावर तरी उभा.

"त्याच्या पायाखाली मेर," मोगू म्हणते.
नातवाकडून बांबू घेते, खाली सोडते,
हलवून बघते. ठक्.
"हांगा."
पुन्हा वल्हवतो. ठक्. "हांगा."
चारही कोपरे तिने असे काठीने दाखवले.
चौथ्याला जरा वेळ लागला,
तिथे चिपीची झाडे आली आहेत.

ओंजळभर पाणी तोंडात घेऊन तिने थुंकले.
"बांध धरला तर तीन पावसाळे."
बांध कोण धरणार, हे तिने विचारले नाही,
मीही सांगितले नाही.

छापील नमुन्यात दोनच रकाने :
जमीन रिकामी / उभ्या पिकासह.
मी बराच वेळ पेन धरून होतो.
होडी थोडी वाहवत
कुणा दुसऱ्याच्या सर्व्हे नंबरात गेली असावी.

अंगठ्याला शाई लावली, कागद पुढे केला.
तिने हात मागे घेतला.
"आधी पावती."
अशी पद्धत नाही. आधी अंगठा, मग प्रत.
ती काही बोलली नाही,
शाईचा अंगठा वर धरून नुसती बसून राहिली.

दिली. घडी घालून चोळीत ठेवली तिने,
मग अंगठा उठवला.

कचेरीच्या फायलीला मी कार्बनची प्रत लावली आहे.
ती जरा पुसट आहे.