उणे चौदा

पाऊण तास कपड्यांतच गेला.
लोकरीचे दोन थर, वर तो फुगीर डगला,
पिह्ला हात फाकून उभी,
वाकताही येईना.
चेन हनुवटीपर्यंत ओढली
आणि ती म्हणाली, शू.

पुन्हा पहिल्यापासून सगळं.

बाहेर दहा वाजलेत,
औलूत उजेड अजून अंथरुणातच.
श्वास घेतला की नाकातले केस कडक होतात.
मला पुलापर्यंत जायचंय.
तिला कुठेच जायचं नाहीये,
ती पोचलेली आहे.

रायमो आजोबा बादलीतून
निसरड्या वाटेवर खडी टाकतायत.
"वारा नाही," म्हणाले. म्हणजे गप्पा झाल्या.
त्यांच्या मागून ती एकेक खडा वेचते,
जाडजूड हातमोज्याने,
तिसऱ्या-चौथ्या खेपेला, जीभ बाहेर काढून,
आणि खिशात घालते.
त्यांनी पाहिलं.
पुढची मूठ जरा तिच्याकडेच सांडली.

अर्ध्या तासात आम्ही
सायकलींच्या स्टँडपर्यंत आलो.
तिथे कळलं, एक हातमोजा गेला.
(कुणीतरी तो कुंपणाच्या खुंटीवर अडकवेल,
वसंतापर्यंत हात हलवत राहील तो.)
ती रडली. रडता रडता
स्वतःच्या तोंडची वाफ दिसली,
मग तीच धरायला धावली,
उघडा हात माझ्या बाहीत कोंबेपर्यंत.

संध्याकाळी डगला हीटरवर उलटा टांगला.
टप्. फरशीवर एक खडा.
थोड्या वेळाने आणखी दोन.
आतून हेन्ना विचारते,
कुठवर गेला होतात आज?

थांब, म्हटलं,
मोजतोय.