खोकं क्रमांक सत्तेचाळीस

मुकुटबनच्या अलीकडे, टिनाच्या शेडमध्ये
दोनशे दहा मीटर जमीन आडवी निजली आहे,
लाकडी खोक्यांत, हात हात तुकडे करून.
लखमा टेकाम कुलूप काढतो,
फडक्यानं धूळ झटकतो,
"या मॅडम, पाताळ पुसून ठेवलं."

अठ्ठेचाळीस नंबरात जीभपानं.
मधे जाड शीर, दोन्हीकडे जाळी,
पत्रावळीच्या गठ्ठ्यासारखी एकावर एक.
थंडी आली की झाडून सगळी गाळायचं ते झाड
आणि परत फुटायचं, लाखो वर्षं,
सवयीनं.
नागपूरला नेऊन, आम्लात विरघळवून, काचेवर मोजले
त्याचे दोन पंखांचे पराग:
एकशे चौऱ्याऐंशी.

सत्तेचाळीसमध्ये हिरवट राखाडी चिकणमाती.
शून्य.
काच पुसली. दुसरी घेतली.
बुरशीचे काही धागे, कोळशाची कणी,
शून्य.

"इथंसा का झालं जी?"
मी सांगू लागले: दूर उत्तरेला जमीन फाटली,
हवा तापली, नद्यांनी वळणं सोडली…
त्यानं मातीवर बोट आडवं ठेवलं.
सगळं बोटाखाली झाकलं गेलं.
"एवढुसंच?"
एवढुसंच. हजारो वर्षं.

"मंग पयले का आलं?"
नेचे, म्हटलं. बी नसलेली, खुजी, कुठंही रुजणारी.
तो हसला. "म्हंजे तरोटा.
खाणीनं आमच्या मोहावर मातीचा डोंगर टाकला ना,
त्याच्यावर बी आंधी तरोटाच आला."

शेहेचाळीसमध्ये नवं पान आहे,
देठाजवळच दुभंगलेलं, गुलेरीच्या बेचक्यासारखं.
त्याचं जीभपानाशी काही नातं नाही.
ते त्याची जागा घ्यायलाही आलं नव्हतं;
जागा रिकामी होती, एवढंच.

लखमा परत अठ्ठेचाळीसपाशी वाकला.
"एवढ्या जिभा," म्हणाला,
"अन् सांगितलं नाही कोनीच."

रजिस्टरात शेऱ्याच्या रकान्यात मी लिहिलं:
नमुना पुन्हा घ्यावा.

झाकणं लागली. कुलूप लागलं.
शेडमागे वाकून त्यानं तरोट्याचे शेंडे खुडले,
दुपट्ट्यात बांधले,
अर्धे माझ्यापुढे धरले.
"न्या. कवळा आहे अजून.
आठ दिवसांनी कडू होते."